मी फक्त गिअर टाकते

जऊळका स्टेशनापासून तीन कोस, आपला मळा.
माघ वद्य षष्ठी.

तीर्थस्वरूप नानाजीदादांच्या पायांशी,

धाकटी बहीण प्रयाग हिचा डोकं टेकवून नमस्कार. तुमच्या आशीर्वादानं आणि विहिरीच्या पाण्यानं इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. कोबी चांगला धरला, मेथी कुणाचं ऐकत नाही इतकी माजली आहे, आणि सासूबाईंचे गुडघे थंडीनं कुरकुरतात तेवढं सोडलं तर घरात कुणाचं काही दुखत नाही. (ह्यांच्या हाताचं पुढं येईल.) तुमची कंबर कशी आहे? आईचा खोकला? वहिनींनी दाढ काढून घेतली की अजून लवंगेवरच भागवतात? सगळं सविस्तर कळवावं.

आता तुमच्या पत्राविषयी. पोस्टमननं ते मंगळवारी आणून दिलं तेव्हा मी चुलीपुढं होते, आणि तरी चुलीपेक्षा पत्रच जास्त तापलेलं लागलं. तुम्ही लिहिता की अकोल्याच्या भाजीबाजारात हिरालाल अडत्यानं चार माणसांदेखत तुम्हाला तीन गोष्टी ऐकवल्या. एक, तुमची बहीण जऊळक्याच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवते. दोन, तिच्या डोक्यावर पदर नसतो. तीन, ती भर रस्त्यात ओरडून नवऱ्याला पाया पडायला सांगते. पुढं तुम्ही लिहिलं आहे, ‘हे खरं असेल तर मला बहीण नाही, आणि खोटं असेल तर उलट टपालानं कळव.’ दादा, यातलं पहिलं खोटं, दुसरं अर्धं खरं, आणि तिसऱ्यासारखं काहीतरी झालं खरं, पण ते पाया पडणं नव्हे. तेव्हा बहीण आहे की नाही हे सगळं वाचून मगच ठरवा. मोटारसायकल चालवतात ते तुमचे जावईबुवा. मी फक्त गिअर टाकते.

आणि तो गिअर माझ्या हातात आला तो तुमच्यामुळं. (रागावू नका, पुढं वाचा.) भाऊबिजेला तुम्ही ती अमेरिकन मोटारसायकल घेऊन आलात. लढाई संपली, फौजेचा माल विकायला निघाला, तुमच्या गॅरेजच्या मालकानं चार गाड्या उचलल्या आणि त्यातली एक तुम्ही स्वतः उघडून, धुऊन, तेल घालून, डाव्या बाजूला भाजीच्या टोपल्यांसाठी एका चाकाची लाकडी पेटी जोडून आमच्या अंगणात आणून उभी केलीत. बेत चांगलाच होता. बैलगाडीनं भाजी न्यायची म्हटलं की अकोल्याची सकाळची गाडी चारातून दोनदा चुकते, आणि गाडी चुकलेल्या मेथीला स्टेशनावरची शेळीसुद्धा तोंड लावत नाही. (पेट्रोलच्या कुपनासाठी कचेरीत किती वेळा उभं राहावं लागेल हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.) सगळी मंडळी जमल्यावर तुम्ही टाकीवर थाप मारून म्हणालात, “जावईबुवा, बाकी काई पाहू नका, गिअर पाहा. लोण्यात बोट फिरल्यावानी पडते.” मला हे वाक्य अक्षरन्‌अक्षर आठवतं, कारण त्याच वाक्यानं पुढं माझा जीव खाल्ला. तुम्ही अंगणातून बांधापर्यंत चालवून दाखवलीत. खरंच, पहिला कधी गेला आणि दुसरा कधी आला, कुणाला कळलं नाही. मग दीड दिवस ह्यांना शिकवून, उरलेले अनारसे बांधून घेऊन तुम्ही अकोल्याला निघून गेलात. लोणी तुमच्याबरोबरच गेलं.

बैल हाकण्यात ह्यांना पंचक्रोशीत जोड नाही, हे तुम्ही जाणता. तेच नडलं. कासऱ्याला झटका दिला की बैल चालतो, मग लोखंडानं का चालू नये? डाव्या पायानं क्लच दाबायचा, उजव्या हाताची रेस क्षणभर सोडायची आणि डाव्या हातानं टाकीजवळची दांडी सारायची, ही तीन कामं एका दमात करायची असतात. हे तिन्ही करतात, पण तीन वेगवेगळ्या दिवशी केल्यासारखी. आधी “चल माह्या राजा” म्हणून दांडी ओढतात, मग ह्यांना पाय आठवतो, आणि रेस सोडायची राहूनच जाते. त्यानंतर जो आवाज निघायचा तो तुम्ही जन्म गॅरेजात काढूनही ऐकला नसेल. जात्यात मूठभर खिळे टाकावेत आणि दोन पहिलवानांनी मिळून दळावं, तसा. पहिल्या दिवशी सासूबाई हातातली पळी तशीच घेऊन धावत आल्या, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “जगदेवा, यात काय कोंडलं हाय बाप्पा? मरून राह्यलं ना ते! सोड त्याले.” म्हशीनं दोन दिवस पान्हा चोरला. शेजारच्या मळ्यातले लोक मोट थांबवून ऐकायचे.

नुसता आवाज मी सोसला असता. पण दर आवाजाला हे खाली उतरायचे, दांडीकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “हे पाह्य तुह्या भावाचं लोणी.” म्हणजे दिवसातून वीस वेळा माझ्या माहेराचा उद्धार. पंधरवड्यात ते वाक्य मळ्याबाहेर गेलं. मी विहिरीवर गेले की बाया विचारायच्या, “प्रयागबाई, आज लोनी निंघालं काय?” सासूबाई तशा मनाच्या वाईट नाहीत, पण त्यासुद्धा एकदा पोळीला तूप लावता लावता म्हणाल्या की नानाजीनं फसवलं नसंल, पण त्यालेच कोनं तरी फसवलं असंल. दादा, तुम्ही फसलेले ठरलात की फसवणारे, मला दोन्ही सारखंच लागत होतं. एखादीचं अख्खं माहेर एका लोखंडी दांडीला लटकलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे का? माझं लटकलं होतं. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही रजा टाकून धावत आला असता, चालवून दाखवली असती, लोणी पुन्हा दीड दिवस आलं असतं आणि पुन्हा तुमच्याबरोबर गेलं असतं.

मार्गशीर्षात ओढ्याच्या चढावर व्हायचं ते झालं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडी मधेच राहिली, ना इकडं ना तिकडं. मशीन मागं घसरायला लागलं, आणि ह्यांनी क्लच, ब्रेक सगळं विसरून “हो! हो!” करत दोन्ही हातांनी हॅन्डल छातीशी ओढलं. मशीन पेटीसकट जाऊन ओढ्यात बसलं. हे वांग्यांच्या टोपलीत पडले म्हणून पाठ वाचली, पण डावं मनगट गेलं. (वांगी आपली काटेरी जातीची. ते काटे मी दोन दिवस काढत होते, आणि ते कुठून हे पत्रात लिहिण्यासारखं नाही.) पलीकडच्या तांड्यात देवला म्हणून हाडं बसवणारा म्हातारा आहे, त्याला बोलावलं. त्यानं मनगट ओढून बसवलं, बांबूच्या चिपा लावून घट्ट पट्टी बांधली आणि बजावलं, “दीड महिना या हातानं काईच कराचं नाई. माशीबी हाकलाची नाई.”

आणि नेमकी त्याच दीड महिन्यात फुलकोबी तयार झाली. फुलकोबीचं तुम्हाला माहीत आहे, ती कुणाच्या मनगटासाठी थांबत नाही. दोन दिवस उशीर केला की फुटते आणि पिवळी पडते. गाडीचा एक बैल खुरात लागून लंगडत होता. हे अंगणात येरझारा घालायचे, एकदा कोबीच्या वाफ्यांकडं पाहायचे, एकदा मशीनकडं. उजवा हात धड, दोन्ही पाय धड, डाव्या कोपरानं हॅन्डल धरता येतं; फक्त दांडी सारायला एक हात कमी. उजव्या हातानं वाकून सारून पाहिली, तर रेस सुटते आणि मशीन गप्प होतं. मग आमचा सालदार बाबूसिंग याला पेटीत बसवलं. बाबूसिंगच्या अंगात रेड्याचं बळ. हे “टाक” म्हणाले, त्यानं टाकलं, आणि दांडीवरची काळी गोटी उपटून ह्यांच्यापुढं धरली. “मालक, निंघाली.” (आता तिथं मी सुताराकडून लाकडी गोटी करून बसवली आहे. तुमच्या गोटीपेक्षा गुळगुळीत.) सासूबाईंनी दांडीला दोरी बांधायचं सुचवलं. दोरीनं ओढता येईल, पण ढकलायचं कसं, असं मी विचारलं, तर त्या उसळून म्हणाल्या, “एवढं समजते तं मंग तूच बस न वं. तुह्याच भावाचं हाय ते.”

तर दादा, मी पेटीत बसले ती सासूच्या हुकमानं. हे हिरालालला अवश्य सांगा, आणि चार माणसांदेखत सांगा.

टोपल्या रचून मधे मला जागा केली. मी पदर घट्ट घेतला, आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून ह्यांचा टॉवेल बांधला. भीती म्हणाल तर नव्हती. महिनाभर मी तो भयंकर आवाज चुलीपासून ऐकत होते, आणि तुम्ही चालवलीत तो दीड दिवसही कानात होता. दोन्हीत फरक काय, हे मी भाकरी थापता थापता शोधून ठेवलं होतं. तुमच्या वेळी दोन गिअरांच्या मधे मशीन दम घ्यायचं. रेस उतरली की आवाज खाली यायचा, पोटात काहीतरी सैल पडल्यासारखा एक थांबा यायचा, आणि तेवढ्यातच तुमचा हात जायचा. भाकरी उलटायची जशी एक वेळ असते, आधी उलटली तर मोडते आणि मागाहून उलटली तर करपते, तशी ती वेळ. हे मला कुणी शिकवलं नाही. तुम्हीसुद्धा नाही, कारण शिकवत होता तेव्हा मला तुम्ही चहा करायला पाठवलं होतं.

ह्यांनी लाथ मारून मशीन सुरू केलं. मी पहिला टाकला. बांध गेला, गोठा गेला, आणि हे ओरडले, “टाक!”

मी टाकला नाही. ह्यांचा पाय क्लचवर नव्हताच. मी म्हटलं, “पाय!”

“टाक म्हनलं ना!”

“पयले पाय! आन् रेस सोडा!”

बायको हुकूम करते या धक्क्यानंच बहुधा ह्यांनी दोन्ही केलं. आवाज उतरला, तो थांबा आला, मी दोन बोटांनी दांडी पुढं सारली. काहीच झालं नाही. म्हणजे आवाजच झाला नाही. मशीन आपलं मऊ चालायला लागलं. हे इतके घाबरले की मशीन थांबवून खाली उतरले, गुडघे टेकून आत पाहिलं आणि म्हणाले, “पडला नाई वाटते.”

“पडला,” मी म्हटलं.

“मंग आवाज काहून नाई आला?”

आवाज गिअरचा नव्हता, तुमचा होता, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण नवऱ्याचा हात मोडलेला असताना असं बोलू नये, म्हणून फक्त तुम्हाला लिहिते.

तेव्हापासून रोज हे “टाक” म्हणतात, मी “पाय” म्हणते, ह्यांचा पाय दाबला जातो आणि गिअर पडतो. हिरालालनं ऐकलेला ‘पाय’ तो हा. दादा, एक सांगू का, तुम्ही मशीनवाले म्हणून तुम्हालाच कळेल. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडी हातात कशी येते! ढकलावी लागत नाही, नुसती वाट दाखवावी लागते. तळहाताला आत काहीतरी जागेवर बसल्याचं कळतं, आणि लगेच सगळा रस्ता हलका होतो. घरात मी एक गोष्ट चारदा सांगते तेव्हा ती एकदा होते. इथं मी बोलतसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात तर रात्री झोपताना माझा हात उगाच पांघरुणावर पुढं-मागं व्हायचा.

गाडी चुकेनाशी झाली. आणि आता ह्यांची गंमत ऐका. हे सांगायला लागले की गिअरबॉक्स आता ‘बसला’. नवा जोडा आधी चावतो, मग पायाला बसतो, तसा तो महिनाभर घासून घासून बसला, आणि अर्थातच ह्यांनी घासला म्हणून बसला. सासूबाई पुन्हा ‘नानाजी मोठा हुशार’ म्हणायला लागल्या होत्या, विहिरीवर लोण्याची चौकशी बंद झाली होती, माझं माहेर दांडीवरून खाली उतरलं होतं. मला तेवढं पुरे आहे असं वाटत होतं.

मग संक्रांतीच्या आधी एक दिवस स्टेशनावर दौलतराव देशमुख भेटले. त्यांच्याकडे मोटार आहे. ती गिअर बदलते तेव्हा अर्ध्या कोसावरच्या लोकांना मालक कुठवर आले ते कळतं. त्यांनी आमचं मशीन येताना पाहिलं, अगदी जवळ येऊन पाहिलं, आणि विचारलं, “जगदेव, तुह्या मशीनचा गिअर पडते तं काईच कसं आयकू येत नाई?”

“हात पाह्यजे मालक, हात,” हे म्हणाले. (पट्टी बांधलेला हात पाठीमागं घेऊन.)

देशमुखांनी माझ्याकडं पाहिलं. “आन् हे बाई कायले बसते पेटीत?”

“वजनाले बसवली, मालक. पेटी हलकी राह्यली तं उडते.”

दादा, सात वर्षांच्या संसारात मी पुष्कळ काही झाले, पण वजन झाले नव्हते. त्या दिवशी परतीच्या वाटेवर गिअर टाकले, कारण घरी म्हशीची धार काढायची राहिली होती. रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं पदर घेतला, टॉवेल बांधला, टोपल्यांमध्ये बसले, पहिला टाकला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

ओढा ओलांडला, सपाटी आली. हे म्हणाले, “टाक.”

मी हरभऱ्याकडं पाहत होते. घाटे छान भरले होते.

“अवं टाक ना!”

“कोन टाकीन?” मी म्हटलं. “पेटीत तं वजन हाय. वजन कधी दांडी सारते काय? वजन बसते.”

हे आधी हसले. मग दरडावून पाहिलं. मग पट्टीच्या हाताच्या कोपरानं दांडी ढकलून पाहिली, आणि तो जुना आवाज असा निघाला की झाडावरचे पोपट उडाले. मग ह्यांनी ठरवलं की पहिल्यातच जायचं. पहिल्या गिअरात तीन कोस, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मशीन नुसतं कण्हत होतं, पाऊल मात्र पुढं टाकत नव्हतं. टाकीखालून गरम वास यायला लागला. ह्यांच्या कपाळावर घाम, पौषाच्या थंडीत. मागून तांड्याचा नाईक धनसिंग याची बैलगाडी आली. गाडीत पाच-सहा बाया होत्या, बाजाराला निघालेल्या. धनसिंगनं आमच्या बरोबरीला गाडी आणली, थोडा वेळ शेजारून चालवली, आणि अदबीनं विचारलं, “जगदेवभाऊ, पुढं निंघू काय? आमाले घाई हाय.” आणि बैलगाडी आमच्या मोटारसायकलच्या पुढं गेली. बाया मागं तोंड करून बसल्या आणि त्यांच्या बोलीत काय काय बोलल्या, ते मला कळलं नाही. हसल्या ते कळलं.

तेवढ्यात वाशिमच्या अंगाला आगगाडीचा धूर दिसला. पेटीत साठ गड्डे फुलकोबी, आदल्या दिवसापासून पिवळी पडू का म्हणणारी. माझासुद्धा जीव वर-खाली व्हायला लागला, दादा, खोटं कशाला सांगू. वाफे मीच खुरपले होते. हात मांडीखालून निघत होता आणि मी तो परत दाबत होते.

“बरं,” हे समोर पाहत म्हणाले. “गिअर तू टाकून राह्यली. म्या नाई.”

मी म्हटलं, “आयकू नाई आलं. मशीनचा आवाज लय हाय.”

ह्यांनी पुढं गेलेल्या गाडीकडं पाहिलं, धुराकडं पाहिलं, आणि बैल हाकतानाच्या आवाजात ओरडले, “गिअर हीच टाकते! म्या नाई टाकत! माह्या बापालेबी आला नसता!”

गाडीतून धनसिंग म्हणाला, “काय म्हनलं, भाऊ?” आणि हे पुन्हा ओरडले. पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मला वाटतं, दुसऱ्यांदा ह्यांना त्यात जरा मजासुद्धा आली.

“पाय,” मी म्हटलं.

दुसरा पडला, तिसरा पडला, आणि मशीन असं सुटलं की धनसिंगचे बैल रस्ता सोडून कडेला उभे राहिले. बाया गाडीत उभ्या राहून ओरडत होत्या. टॉवेल कुठं गेला ते मला माहीत नाही, अजून सापडलेला नाही. पदर खांद्यावर आला होता आणि एक हात दांडीवर, एक टोपल्यांवर, तो सावरायला तिसरा कुठून आणू? स्टेशनात शिरलो तेव्हा गार्डनं हिरवं निशाण वर केलेलं होतं. आमच्याकडं पाहता पाहता ते त्याच्या हातातून खाली आलं. हे आनंदाच्या भरात थांबताना क्लच दाबायला विसरले, म्हणून मी जीव तोडून “पाय! पाय! अवो पाय!” ओरडले, मशीनला दोन हिसके बसले, आणि आम्ही थेट हिरालाल अडत्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिलो. तो त्या दिवशी माल पाहायला म्हणून जऊळक्याला आला होता. त्यानं तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. साठ गड्डे फुलकोबी पांढरीशुभ्र गाडीत चढली, ही चौथी मात्र सांगितली नाही.

परत निघताना दौलतरावांची मोटार स्टेशनाबाहेर उभी होती. हे आपणहून त्यांच्याकडं गेले आणि टोपी काढून म्हणाले, “मालक, त्या दिवशी खोटं बोल्लो. हात हिचा हाय.” मला कुठं पाहावं कळेना. देशमुखांनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न पाहता, म्हणजे मोटारीकडं पाहून, विचारलं की मग आमच्या हिचं काय करावं. मी पदर नीट घेतला आणि मोटारीलाच उत्तर दिलं, “पाय पुरा दाबाचा. अर्ध्यात नाई सोडाचा.” काल ऐकलं की त्यांचा आवाज आता पाव कोसावरच ऐकू येतो.

तेव्हा दादा, झालं ते असं आहे. यात तुमचं नाव बुडालं असेल तर कळवा. इकडे तरी तुमचं मशीन आणि तुमची बहीण दोन्हींचं नाव निघतं आहे. आईला साष्टांग नमस्कार सांगा. घरातल्या लहानांचा गालगुच्चा घ्या, सगळ्यांत धाकट्याचा जरा हळू. आता कागद आणि दिव्याची वात दोन्ही संपत आली, म्हणून तुमचा राग आधी संपला असेल अशी आशा करून थांबते.

तुमची (बहीण आहे असं ठरल्यास),
प्रयाग

ता. क. वर मी लिहिलं आहे की ह्यांच्या हाताचं पुढं येईल, ते राहिलं. देवलानं पट्टी सोडून पंधरा दिवस झाले. हात उत्तम आहे, परवा त्याच हातानं बाभळीचं खोड फोडलं. पण रोज सकाळी स्टेशनाला निघायच्या आधी हे गोठ्यामागं जाऊन दातांनी गाठ मारून पट्टी पुन्हा बांधतात आणि “अजून कळ मारते वं” म्हणत येतात. मी “असंल, असंल” म्हणते आणि पेटीत बसते. हे तुम्हाला कळलं आहे असं त्यांना कळू देऊ नका.

आणखी एक ता. क., पण हा फक्त वहिनींसाठी. दादा, इथं वाचणं थांबवा आणि कागद त्यांच्या हाती द्या. (थांबला नाहीत, मला माहीत आहे. निदान मोठ्यानं वाचू नका.) वहिनी, मला तिसरा महिना लागला. सात वर्षांनी. चिंच नको, आवळा नको, पेट्रोलचा वास तेवढा घेत बसावंसं वाटतं. असं कुणाला होतं का, हे आईला विचारून कळवा. पुढच्या महिन्यापासून मला पेटीत बसता येणार नाही, आणि बाळंतपणाला मी तुमच्याकडंच येणार. पण भेंडी, गवार, कारली माझ्यासाठी थांबायची नाहीत, आणि ह्यांच्या शेजारी बसून बेधडक ‘पाय’ म्हणेल असं माणूस इकडे दुसरं नाही. बाबूसिंगला बसवलं तर दांडीच उपटेल. एवढ्यासाठी हे लांबलचक पत्र लिहिलं आहे. दादांना गॅरेजातून सहा महिन्यांची रजा काढायला लावा आणि होळीच्या आत इकडे पाठवून द्या. पेटी त्यांनीच टोपल्यांच्या मापानं केलेली आहे, गुडघे छातीशी घेतले तर मावतील. कुणी विचारलंच तर सांगावं की वजनाला बसलो आहे.

हे अजून ह्यांना सांगितलेलं नाही. घरात सांगायला जावं तर सासूबाईंचे कान आहेत, मळ्यात बाबूसिंग असतो, आणि चढावर सांगितलं तर हे दोन्ही हात वर करतील. म्हणून उद्या सकाळी, सपाट रस्ता लागला आणि तिसरा पडला, की सांगते.